पाय आईचा, गोळी बाबांना

प्रश्न : डॉक्टरताई, आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या एका धानाच्या गावात राहतो. माझ्या आईच्या (वय ५२) उजव्या पायाला बारा-तेरा वर्षांपासून हत्तीपाय आहे. दर दोन-तीन महिन्यांनी तिला हुडहुडी भरून ताप येतो, पाय लालबुंद होतो. आजी म्हणते, पुनवेचा ताप आहे, आपोआप उतरेल. गेल्या महिन्यात बहिणीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा आम्ही आईला मागच्या खोलीत बसवलं होतं. तरी कोणीतरी त्यांच्या कानावर घातलंच. 'घरात हत्तीपाय आहे, रक्तातच असतो तो,' म्हणून नकार आला. आता गावात सगळ्यांना हत्तीपायाच्या गोळ्या द्यायला आशाताई येतील. बाबा म्हणतात, "मले काई झालं नाई, मी काहाले गोळी खाऊ?" गेल्या वर्षी शेजारच्या काकांना गोळ्या घेतल्यावर गरगरलं. तेव्हापासून आमच्या आळीत लोक गोळी हातात घेतात आणि उकिरड्यावर टाकतात. आईचा आजार बहिणीला होईल का? पुढच्या स्थळाला सांगायचं की लपवायचं? आणि बाबांना काय सांगू?
– एक भाऊ, जि. भंडारा

भाऊ,

आईला मागच्या खोलीत बसवलं होतं, हे वाक्य मी दोनदा वाचलं. ते लिहिताना तुम्हालाही बरं वाटलं नसणार, म्हणून त्यावर आणखी बोलत नाही. पण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या खोलीपाशीच येतात, तेव्हा सुरुवात तिथून करते.

गाव ज्या पायाला घाबरलं, त्या पायातून कोणाला काही लागत नाही. शिवून नाही, एका ताटात जेवून नाही, एकाच पाण्यात पाय धुऊन नाही. हत्तीपाय पुढे जातो तो रक्तातल्या जंतांच्या पिल्लांमुळे, आणि पाय एवढा जुना सुजलेला असला की त्या माणसाच्या रक्तात ही पिल्लं बहुतेक वेळा सापडतच नाहीत. सापडतात कोणाच्या? ज्याचे दोन्ही पाय सरळ आहेत, जो पहाटे उठून धानाच्या बांदीवर जातो, ज्याला आपल्या अंगात काही आहे याचा पत्ताही नाही, त्याच्या. त्या दिवशी असा माणूस असलाच तर तो बाहेरच्या खोलीत चहा पीत बसलेला असण्याचा संभव जास्त. तुमचे बाबा असतील, तुम्ही असाल, नाहीतर मुलगी पाहायला आलेला तो मुलगाच असेल.

हे कसं होतं ते थोडक्यात सांगते. दोऱ्यासारखे बारीक जंत माणसाच्या लसिकावाहिन्यांत घर करतात. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, नर तिच्या निम्म्याहून लहान. लसिकावाहिन्या म्हणजे अंगात झिरपणारं जास्तीचं पाणी वाहून नेणारी आपल्या शरीरातली गटारं म्हणा. जंत तिथे पाच-सहा वर्षं, कधी त्याहून जास्त जगतात आणि लाखो पिल्लं रक्तात सोडतात. ही पिल्लं दिवसा शरीरात आत, खोलवर दडून असतात. रात्री दहानंतर ती वरच्या रक्तात येतात, म्हणजे नेमकी क्युलेक्स डास चावण्याच्या वेळी. डास रक्ताबरोबर त्यांना ओढून घेतो, दहा-पंधरा दिवसांत ती त्याच्या अंगात मोठी होतात आणि तो पुन्हा चावला की चाव्याच्या जागेतून दुसऱ्या माणसात शिरतात. एकदोन चाव्यांनी सहसा काही होत नाही. महिनोन्‌महिने चावे बसावे लागतात. म्हणून लग्नाला दोन दिवस आलेल्या पाहुण्याला हा आजार होत नाही, गावात राहणाऱ्याला होतो. बहुतेकांना लागण लहानपणीच होते आणि पाय सुजतो तो पुढे कितीतरी वर्षांनी. आईचा पाय चाळिशीला सुजला, पण त्याचं बी कदाचित ती परकर-पोलक्यात होती तेव्हाच पडलं असेल.

आता 'रक्तातच असतो' या बोलण्याबद्दल. मला यात गंमत वाटते, कारण शब्द बरोबर आहे, अर्थ चुकला आहे. रक्तात पिल्लं असतात, खानदान नसतं. तरी लोकांना हा वंशाचा रोग का वाटतो? कारण त्यांनी एकाच घरात दोन-तीन पाय सुजलेले पाहिले आहेत. पाहिलं ते खरंच आहे. एका घरातली माणसं एकाच गटाराच्या काठी, त्याच डासांत, त्याच अंगणात खाट टाकून झोपतात. वंशातून येत असता तर बाहेरून आलेल्या सुनांना झाला नसता. तुमच्या गावातले हत्तीपाय मोजा आणि त्यातल्या किती बायका त्या घरात सून म्हणून आल्या ते बघा. आजीला हा हिशेब करायला सांगा. तो तिला माझ्यापेक्षा चांगला जमेल, कारण कोणाची सून कुठल्या गावची, हे तिला तोंडपाठ असणार.

तेव्हा बहिणीला आईकडून काही येणार नाही. तिला धोका आहे तो त्या गावात राहणाऱ्या कोणालाही आहे तेवढाच. नकार देणाऱ्यांचं गाव त्याच पट्ट्यात असेल तर त्यांच्या मुलालाही तेवढाच. पूर्व विदर्भात हा आजार नवा नाही.

लोकांच्या समजुतींना मी पूर्वी हसायची. नोकरीच्या सुरुवातीला रात्रीच्या रक्तनमुन्यांसाठी गावोगाव फिरायचो. दहा वाजता जीप गावात शिरली की आधी कुत्री उठायची, मग माणसं. डुलक्या घेणाऱ्या पोराचं बोट धरून टोचायचं, काचेवर थेंब घ्यायचा, नाव लिहायचं. एका गावात अफवा होती की हे लोक रात्री रक्त काढून शहरात विकतात. मी चिडून म्हटलं, तीन थेंबांचे किती येतील? एक म्हातारबा शांतपणे म्हणाले, "मग दिवसा काहून नाही येत?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि तोवर आमच्यापैकी कोणीच त्याचं उत्तर गावाला दिलेलं नव्हतं. त्या रात्री आमच्या तंत्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली एक ओली काच लावली आणि मी म्हातारबांना डोळा लावायला सांगितलं. रक्तपेशींना दोन्ही बाजूंना ढकलत एक पिल्लू वळवळत होतं, जेमतेम पाव मिलिमीटरचं. ते बराच वेळ बघत राहिले. मग मागे वळून ओरडले, "अरे, या रे सगळे!" त्या रात्री आमच्या काचा कमी पडल्या. मला मात्र एक गोष्ट खटकत राहिली. ती काच एका कॉलेजात जाणाऱ्या धडधाकट पोराची होती.

'साचलेल्या पाण्यातून होतो' असंही तुमच्या गावात म्हणत असतील. त्यांना वेड्यात काढू नका. सुश्रुतसंहितेत या आजाराला श्लीपद म्हटलं आहे आणि जिथे जुनं साचलेलं पाणी जास्त, बाराही महिने गारवा, अशा प्रदेशात तो विशेष होतो, असं नोंदवलं आहे. डासाचं नाव नाही, पण जागा बरोबर हेरली आहे. पुढे १८७२ मध्ये कलकत्त्याला टिमथी लुईस या डॉक्टरांना माणसाच्या रक्तात ही पिल्लं दिसली. १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी आपल्या माळ्याच्या रक्तातली पिल्लं डासाच्या पोटात वाढताना पाहिली. एवढा मोठा शोध लावूनही मॅन्सन चुकलेच. त्यांना वाटलं, डास पाण्यात मरून पडतो आणि ते पाणी प्यायल्याने माणसाला रोग होतो. डासाच्या सोंडेत जंत आहेत, म्हणजे तो चाव्यातूनच शिरतो, हे कळायला १९०० साल उजाडावं लागलं. शोध लावणाऱ्याला जे तेवीस वर्षं कळलं नाही, ते आजीला कळलं नाही म्हणून तिच्यावर डाफरायचं कारण नाही. शिवाय तिच्या वयाच्या माणसांनी नारू पाहिलेला किंवा ऐकलेला असतो. तोही लांब दोऱ्यासारखा जंत, आणि तो खरोखर विहिरीच्या पाण्यातूनच व्हायचा. पाणी गाळून प्यायला लोक शिकले आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. एका जंताचा अनुभव दुसऱ्याला लावला, एवढंच झालं.

चिखलात अनवाणी चालून पाय सुजतो, ही समजूतसुद्धा अगदीच हवेतली नाही. इथिओपियाच्या डोंगराळ भागात लाल मातीतून वर्षानुवर्षं अनवाणी चालल्याने असाच पाय सुजतो. पण तो आजार वेगळा. आपल्याकडे चिखल येतो तो दुसऱ्या दाराने. ते आईच्या तापाबद्दल लिहिताना सांगते.

बाबांचं म्हणणं घेऊ. 'मला काही झालं नाही, मी गोळी कशाला खाऊ' हे चुकीचं आहे, पण ते त्यांच्या डोक्यात कोणी घातलं? आम्हीच. वर्षानुवर्षं प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक पत्रकावर तो एकच अगडबंब पाय छापला. बघणाऱ्याने अर्थ काढला की गोळी त्या पायासाठी आहे. माझ्या हातात असतं तर मी तो पाय काढून तिथे मोटारसायकलवर बसलेला हसरा तरुण छापला असता. गोळी त्याच्यासाठी आहे. आईचा पाय गोळीने पूर्ववत होणार नाही. बाबांच्या रक्तात पिल्लं असतील तर मात्र ती मरतील आणि डासाला उचलून न्यायला काही उरणार नाही. मोठा जंत या गोळ्यांनी सगळाच मरतो असं नाही, तो पुन्हा पिल्लं सोडतो. म्हणून एकदा घेऊन भागत नाही. तो म्हातारा होऊन मरेपर्यंत दर वर्षी गोळी घ्यावी लागते, आणि गावातल्या बहुतेकांनी घ्यावी लागते. निम्म्यांनी घेतली आणि निम्म्यांनी उकिरड्यावर टाकली, तर डासाला उरलेले निम्मे पुरतात.

काकांना गरगरलं, ते खोटं नाही. पिल्लं एकदम मोठ्या संख्येने मेली की शरीर त्यावर उठतं : ताप, डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ, गरगर. एकदोन दिवसांत ते ओसरतं. ज्याच्या रक्तात पिल्लं जास्त, त्याला हा त्रास होण्याची शक्यता जास्त. रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या तरी मळमळतं, त्यामुळे काकांचं नेमकं काय झालं ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण बाबांना एवढं जरूर सांगा की आळीत गोळीची सगळ्यात जास्त गरज कोणाला होती, तर कदाचित त्या काकांनाच. आणि त्यांचं गरगरणं पाहून बाकी सगळ्यांनी गोळी टाकली! कोणाला जास्तच त्रास झाला तर आशाताईंना लगेच कळवायचं, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं. गपचूप सहन करून दुसऱ्या दिवशी पारावर बोंब मारण्यापेक्षा ते बरं.

गोळ्या किती, याचीही लोकांना धास्ती असते. मोठ्या माणसाला डीईसीच्या (पिल्लं मारणाऱ्या औषधाच्या) शंभर मिलिग्रॅमच्या तीन आणि अल्बेंडाझोलची एक, अशी मूठभर गोळी एकदम दिसते, म्हणून. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला डीईसीच्या दोन, दोन ते पाच वर्षांच्या बाळाला एक. अल्बेंडाझोल चावून खायची. त्याने पोटातले जंतही जातात. काही जिल्ह्यांत यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन ही तिसरी गोळीही देतात, ती उंची मोजून. २०१९ मध्ये हे तीन औषधांचं मिश्रण देशात सुरुवातीला ज्या मोजक्या जिल्ह्यांत दिलं गेलं, त्यात नागपूर होता. दोन वर्षांखालचं मूल, गरोदर बाई आणि गंभीर आजारी माणूस यांना गोळ्या देत नाहीत. नुकतीच बाळंतीण असेल किंवा आईला नेमका त्याच दिवशी ताप भरलेला असेल, तर तसं सांगायचं. जेवून घ्यायचं आणि आशाताईंच्या समोर गिळायचं. 'ठेवून जा, संध्याकाळी घेतो' म्हणजे उकिरडा, हे त्यांनाही ठाऊक आहे.

आता आई. हत्तीपायाच्या प्रत्येक पत्रात मला उशिरा सापडतं ते हेच : सगळं सोयरिकीबद्दल, आणि जिचा पाय आहे तिच्याबद्दल दोन ओळी.

तिचा ताप पुनवेचा नाही. जंताने बिघडवलेल्या पायात पाण्याचा निचरा होत नाही, कातडी ओलसर आणि कमजोर होते, बोटांच्या बेचक्यात भेगा पडतात आणि त्या भेगांतून साधे जिवाणू आत शिरतात. त्यांचा हा ताप. दर वेळी तो येऊन गेला की पाय आधीपेक्षा थोडा जास्त जाड आणि कडक राहतो. पाय वाढवतात ते हे झटके. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला खूण करायला लागा. दोन-चार वेळा पुनव जवळ निघेल, कारण महिन्यातली कुठलीही तारीख पुनवेच्या नाहीतर अवसेच्या आठवडाभराच्या आतच पडते. त्याच्या आधीचे चार दिवस बघा : रोवणीला चिखलात उभी होती का, काटा रुतला होता का, बोटांत खाज होती का. मघाशी म्हटलं ते चिखलाचं दुसरं दार हेच.

यावर उपाय इतका साधा आहे की लोकांचा विश्वास बसत नाही. रोज पाय धुवायचा. कसा, ते नीट सांगते, कारण सगळं त्या 'कसा'त आहे. आईला पाटावर नाही, उंच स्टुलावर बसवा. साधं पाणी घ्या, गरम नको. साबण पायावर घासायचा नाही, हातावर फेस करून तो गुडघ्यापासून खाली लावत यायचं. घड्या पडल्या असतील तिथे बोट घालून, मग बोटांच्या बेचक्यांत एकेक करून. वजरी नको, काथ्या नको, ओरखडा म्हणजे नवं दार. पाणी स्वच्छ वाहीपर्यंत धुवायचं. मग मऊ सुती कापडाने टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही. बेचक्यांत कापडाची बारीक पट्टी ओढून ओल काढायची. इथे बहुतेक जण कंटाळतात, आणि नेमकी इथेच ओल राहते. बोटांमध्ये पांढरं, भिजल्यासारखं दिसलं तर ती बुरशी. आरोग्य केंद्रातून मलम आणा. टब, मग, टॉवेल, साबण, मलम असा संच हत्तीपायाच्या रुग्णांना सरकारकडून मिळतो, आईच्या नावाची नोंद आहे का ते विचारा. दिवसा बसताना पाय वर, रात्री खाटेच्या पायथ्याकडच्या खुरांखाली विटा. चपला सैल, पण अनवाणी कधीच नाही. हे पहिले काही दिवस तुम्ही करा, भाऊ. आईचा हात तिथपर्यंत वाकून पोचतो का, हे तेव्हा तुमच्या लक्षात येईल.

ताप आलेल्या दिवशी व्यायाम, चोळणं, शेकणं सगळं बंद. थंड पाण्याची घडी, पाय उंच, भरपूर पाणी, आणि डॉक्टरांकडून अँटिबायोटिक. आणि कोणी बिब्बा घालायला किंवा डाग द्यायला सुचवलं तर त्याला उंबऱ्याबाहेर ठेवा. एवढं एकच मी रागाने लिहिते आहे, कारण बिब्ब्याने सडलेले पाय मी पाहिले आहेत. बारा वर्षांचा पाय पहिल्यासारखा होणार नाही, हे आईला खरं सांगा. पण झटके कमी होतील, वास जाईल, ती पुन्हा लग्नाकार्याला जाऊ शकेल.

एक तुम्ही विचारलं नाही, तरी लिहिते. पुरुषांत हाच जंत अंडवृद्धीही करतो, आणि ती धोतराच्या आत वर्षानुवर्षं लपवली जाते. बाबांना एकट्यात विचारा. शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते.

आणि डासांचं. तुमच्या गावात आठवड्यातून 'कोरडा दिवस' पाळत असतील. पाळाच, पण तो डेंग्यूच्या डासासाठी, जो स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. हत्तीपायाचा डास घाण पाण्यातला, रात्रीचा. रांजण कोरडा करून त्याचं काही बिघडत नाही. त्याच्यासाठी तुंबलेली नाली वाहती करा, शौचालयाच्या हवेच्या पाइपाला जाळी बांधा आणि मच्छरदाणीत झोपा, विशेषतः लहान पोरांना झोपवा.

राहिली सोयरीक. लपवू नका. गावात लपत नाही, हे तुम्ही पाहिलंच, आणि लपवल्यामुळे साधी गोष्ट लांच्छनासारखी दिसली. मध्यस्थाला आधीच सांगा : आईचा पाय डासाच्या आजाराने सुजला आहे, तो तिच्यापासून कोणाला होत नाही, मुलीला वंशातून येत नाही. बहिणीची रक्ततपासणी करून घ्यायला हरकत नाही. पट्टीवरची चाचणी दिवसाही होते, काचेवरच्या नमुन्याला रात्र लागते. पण ती तिच्या तब्येतीसाठी करा, समोरच्यांना दाखवायचा दाखला म्हणून नव्हे. आणि कोणी दाखला मागितलाच, तर मुलाचीही करू या म्हणा. भांडणाच्या सुरात नको, सहज. मी असते तर एवढं बोललेच असते.

पुढचे पाहुणे येतील तेव्हा आईला बाहेर बसवा. खुर्ची द्या, पाय फार वेळ लोंबता राहू नये म्हणून समोर छोटं स्टूल ठेवा आणि त्यावर एक उशी.